औषधाच्या पेटीची किल्ली

३ जानेवारी

आजपासून मी माणसांचा निरीक्षक. कालपर्यंत साबण, सोडा आणि उशांच्या अभ्र्यांचा होतो. अठरा वर्षं या धुलाई कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी किती आल्या, किती गेल्या, किती फाटल्या, हे मी झोपेतही सांगीन. मॅनेजरांनी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि परत आलो तो थेट 'वर्तन-निरीक्षक' होऊन. सोबत जाड तळाचे नवे बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. आरशात पाहिलं तर मलाच माझी भीती वाटली.

प्रशिक्षणात टाय लावलेल्या एका तज्ज्ञाने सांगितलं, "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो." मी ते वहीत तीनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आज पहिलं काम म्हणजे दारासमोर मोठा बोर्ड लावला: 'अपघाताविना दिवस'. खाली आकडा, आज १. शंभर भरले की सगळ्यांना शनिवार-रविवार जोडून पगारी सुट्टी. इथे सलग दोन दिवस सुट्टी म्हणजे काय, हे घरात लग्न किंवा मयत झालेल्यांनाच माहीत. पण एकाला जरी लागलं तरी सगळ्यांचा आकडा शून्य! ही अट माझी. मला नाही, तर शेजारणीच्या रागाला तरी घाबरतील. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही स्टोअरमध्ये वाया गेलात." अंगावर मूठभर मांस चढलं.

अपघाताचा छापील तक्ताही मीच बनवला. 'कारण' या रकान्यात खुणेसाठी चार चौकोन: निष्काळजीपणा, घाई, गप्पा, नियमभंग. पाचवा कशाला लागेल?

बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे लागलं तर रडायचीसुद्धा चोरी." तिला वर्तनशास्त्रातलं काही कळत नाही.

११ जानेवारी

आकडा ९. बोर्ड जरा उंच लागलाय, म्हणून रोज सकाळी ऑफिसातली फिरती खुर्ची आणून तिच्यावर चढून आकडा बदलतो. व्यायामही होतो.

निरीक्षणाची कार्डं भरायला सुरुवात केली. रोज तीन फेऱ्या. निष्कर्ष थक्क करणारे आहेत. मी जिथे जातो तिथे प्रत्येक जण जिन्याचा कठडा धरून चालतो. एकजण तर सपाट जागेवरही भिंत धरून चालला होता. केसांना जाळ्या, पायात बंद बूट, वाटेत एक बादली नाही. घडी घालायच्या टेबलावरची जी बाई आहे, जिला सगळे 'रेडिओ' म्हणतात, ती मी आलो की हटकून मोठ्याने गायला लागते. आणि ती गायला लागली की आतल्या, इस्त्रीच्या रुळाच्या खोलीतल्या बायका कामात अधिकच मन घालतात. कार्डावर लिहिलं: 'वातावरण आनंदी. संगीताचा कामावर चांगला परिणाम.'

एकच खंत. नवे बूट चालताना इतके करकरतात की दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातात. पण दर्जाची वस्तू आहे, चालायचंच.

आधी सगळे मला 'भाऊ' म्हणायचे. आता 'साहेब' म्हणतात. मान वाढला.

१ फेब्रुवारी

आकडा ३०. तीस दिवसांत एकही अपघात नाही. एक ओरखडासुद्धा नाही. गेल्या वर्षी जानेवारीत सात होते. मॅनेजरांनी मोठ्या गिऱ्हाइकाला कळवलं. ते हॉस्पिटलवाले शंभराव्या दिवशी स्वतः पाहायला येणार आहेत.

पण दुधात माशी पडलीच. सवयीने प्रथमोपचाराची पेटी मोजायला घेतली. साठ चिकटपट्ट्या होत्या, अकरा उरल्यात. भाजल्यावर लावायच्या मलमाच्या दोन नळ्या होत्या, एकही नाही. कापसाचा गठ्ठा अर्धा. आता लागलं तर कोणाला नाही, तक्ता कोरा आहे. मग पट्ट्या गेल्या कुठे? सरळ आहे. चोरी!

अठरा वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक अभ्रा गेला नाही, आणि इथे माझ्या नाकासमोरून पट्ट्या पळवतात.

४ फेब्रुवारी

चौकशी केली. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. रेडिओला विचारलं तर म्हणाली, "उंदीर असतील, साहेब."

"उंदरांना चिकटपट्ट्या कशाला?"

"त्यांनाही लागत असेल की कुठे."

सगळ्या हसल्या. रुळावरच्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या. माणसाच्या कमरेएवढा जाड, वाफेवर तापलेला लोखंडी रूळ आहे, त्यात ओल्या चादरी सरकवून इस्त्री होते. ते काम बावीस वर्षं त्याच करतात. त्या फक्त म्हणाल्या, "पेटी पेटीच्या जागी असू द्या, भाऊ." सवय मोडायला वेळ लागतो, मी 'साहेब' म्हणा म्हटलं नाही.

संध्याकाळी पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. ज्याला काही हवं त्याने माझ्याकडे यावं, तक्त्यात नाव लिहावं, कारणावर खूण करावी आणि पट्टी न्यावी. चोराला पकडायला याहून सोपं काही नाही.

बायको म्हणाली, "औषधाला कुलूप? उद्या नळाला पण घाला." मी दुर्लक्ष केलं.

१२ फेब्रुवारी

कुलुपाला आठवडा झाला. एकही माणूस किल्ली मागायला आला नाही. चोरीही शून्य, गरजही शून्य. सिद्ध झालं.

आज सूचनापेटी उघडली. अकरा चिठ्ठ्या. एकीत 'पंखा हवा', एकीत माझ्याबद्दल मजकूर, तो इथे लिहीत नाही. उरलेल्या नऊंमध्ये नऊ वेगवेगळ्या अक्षरांत एकच वाक्य: 'रुळाची लाल दांडी अडकते.' रुळासमोर एक लाल दांडी असते, हाताने ढकलली की रूळ जागच्या जागी थांबायला हवा. नऊ जणींना एकाच आठवड्यात एकच गोष्ट सुचते, याला आम्ही वर्तनशास्त्रात संगनमत म्हणतो. शिवाय यंत्राची तक्रार हा माझा विषयच नाही. यंत्र चुकत नाही. चिठ्ठ्या 'इतर' फाइलला लावल्या.

६ मार्च

आकडा ६३. आजचा दिवस माझ्या कारकिर्दीतला सोन्याचा!

दोन महिने ओरडतोय की रुळावर हातमोजे घाला. कोणी ऐकलं नाही. म्हणतात, मोज्यात चादरीची कड हाताला लागत नाही. आज सकाळी पाहतो तर मावशींच्या हातात कोपरापर्यंत जाड हातमोजा! कोणी न सांगता! मात्र एकाच हातात, डाव्या.

"दुसऱ्या हातात का नाही, मावशी?"

त्यांनी घडीच्या टेबलाकडे पाहिलं. मग रेडिओ टेबलावरून ओरडली, "एकदम दोन्ही हातांना सवय नाही व्हायची, साहेब. आधी डाव्यापासून सुरुवात."

मला तर हे फारच शास्त्रशुद्ध वाटलं. वर्तनबदल टप्प्याटप्प्यानेच होतो, असं प्रशिक्षणातही होतं. लगेच मॅनेजरांना बोलावलं, प्रमाणपत्र छापलं, 'महिन्याची आदर्श कामगार', आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर दिलं. मावशींनी ते उजव्या हाताने घेतलं. फोटोसाठी "दोन्ही हातांनी धरा" म्हटलं, तर नाही म्हणाल्या. भिडस्त आहेत. टाळ्या मात्र कोणी धड वाजवल्या नाहीत. दुसऱ्याचं चांगलं झालेलं लोकांना बघवत नाही.

१८ मार्च

पारितोषिक मावशींच्या डोक्यात गेलेलं दिसतंय. ताशी चादरी निम्म्यावर आल्या. मध्येच भिंतीला टेकून उभ्या राहतात. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम. तो हातमोजा काही काढत नाहीत, जेवतानाही. तेवढं शिस्तीत आहे.

दुपारी ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "ती सुट्टी थोडी आधी नाही का मिळायची? लेकीला मुलगी झाली. दोन महिने होतील, अजून तोंड पाहिलं नाही. जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधे नुसती घेऊन बसीन थोडा वेळ."

मी म्हटलं, "मावशी, आकडा ७५ आहे. पंचवीस दिवस काय, चुटकीसरशी जातील. फक्त कोणी चूक करू नका."

"नाही करणार," म्हणाल्या. दाराशी जाऊन परत वळल्या. "पेटीत काही आहे का हो? जरा... डोकं दुखतंय."

मी तक्ता पुढे सरकवला. "नाव लिहा, कारण लिहा. देतो."

त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. उतरलं."

बघा! तक्ता पुढे करताच डोकेदुखी पळाली. कामचुकारपणावर याहून गुणकारी औषध नाही. वेग कमी झाल्याबद्दल त्यांना लेखी समज दिली.

३१ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट सुजून भोपळा झालंय. आज जे झालं ते कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

सकाळी आकडा ८८ करायला खुर्चीवर चढलो. खुर्ची फिरती आहे. ती फिरली. मी बोर्डाला धरलं, बोर्डाने मला धरलं नाही. खाली आलो तो मनगटावर, आणि कपाळ बोर्डाच्या कडेवर.

डोळे उघडले तर चार जणी भोवती. मला वाटलं आता हसतील, हसायलाच हवं होतं. पण कोणी तोंडातून शब्द काढला नाही. एक दाराशी जाऊन उभी राहिली, तोंड मॅनेजरांच्या खोलीकडे. एकीने खुर्ची ढकलत ऑफिसात नेली. एकीने फरशीवरचं रक्त ओल्या अभ्र्याने पुसून अभ्रा थेट सोड्याच्या बादलीत टाकला. रेडिओने बोर्ड सरळ केला आणि उलट्या बादलीवर चढून ८८ लावूनही टाकला. मी उठून बसायच्या आत सगळं जिथल्या तिथे. इतकं शिस्तबद्ध काम मी तीन महिन्यांत एका कार्डावर नोंदवलेलं नाही.

रेडिओ म्हणाली, "तुम्ही पडला नाहीत, भाऊ."

"अगं, पण मी—"

"पडला नाहीत. उठा."

मला घड्यांच्या खोलीत नेलं. तिथे कोपऱ्यात एक फडताळ आहे, वर पाटी: 'फाटकं, वापरू नये.' अठरा वर्षांत मी ते उघडलेलं नाही, कारण पाटी माझ्याच हातची आहे. तिने ते उघडलं. आत चिकटपट्ट्या, कापूस, मलम, क्रेप बँडेज, कात्री, सगळं ओळीने लावलेलं. अर्ध्या पट्ट्या माझ्या पेटीतल्या. उरलेलं त्यांनी स्वतः आणलेलं. चोर सापडले! आणि ते माझं कपाळ पुसत होते.

मनगट बांधताना ती म्हणाली, "घट्ट होतंय का?" गेल्या तीन महिन्यांत माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

फडताळात एक वहीही होती. रेडिओने त्यात काही लिहिलं. मी म्हटलं, बघू. ती आधी नको म्हणाली, मग दिली.

शेवटची नोंद: '३१ मार्च. भाऊ पडले. कारण: फिरती खुर्ची, बोर्ड फार उंच. उपाय: शिडी आणणे. समज देऊ नये, आधीच बरंच लागलंय.'

मी मागची पानं उलटली. एकूण तेवीस नोंदी. माझ्या शून्य अपघातांच्या अठ्ठ्याऐंशी दिवसांत तेवीस. तारीख, वेळ, जागा, काय लागलं, कशामुळे, काय केलं. कोणाच्या नावापुढे निष्काळजी लिहिलेलं नाही. माझ्या तक्त्यापेक्षा दहा पटींनी चांगली वही. त्यातल्या सात नोंदी रुळाच्या, सातही दुपारी तीननंतरच्या. समासात कोणीतरी शोधूनही काढलं होतं: 'वाफ ओली झाली की दांडी अडकते. तीननंतर दोघींनी उभं राहायचं.' म्हणूनच आतल्या खोलीत कायम दोघी असतात आणि मी कार्डावर 'गप्पा' म्हणून खूण करतो.

आणि ही:

'५ मार्च. दुपारी ३.४०. मावशी. चादरीची ओली कड बोटांना गुंडाळली, हात रुळावर गेला. दांडी ढकलली, रूळ थांबला नाही. दोघींनी ओढून काढलं. डावा हात, चार बोटं आणि तळवा भाजला. पेटीला कुलूप, फडताळातलं मलम संपलेलं. टूथपेस्ट लावली. मावशी म्हणतात सांगू नका, बारा जणींची सुट्टी जाईल.'

सहा मार्चला मी त्यांना प्रमाणपत्र दिलं.

वही खाली ठेवली. "मावशी कुठेत?"

"रुळावर," रेडिओ म्हणाली. "कुठे असणार?"

गेलो. बूट करकरले, आतून कोणी गायलं नाही, कारण गाणारी माझ्या मागेच होती. मावशींना म्हटलं, हातमोजा काढा. त्या म्हणाल्या, "बारा दिवस राहिलेत, भाऊ." मी म्हटलं, काढा. काढताना त्यांनी दात आवळले. आतला हात मी इथे लिहीत नाही. वास आला तेव्हा रेडिओने तोंड फिरवलं.

बायकोने मनगट पाहिलं आणि विचारलं. मी म्हटलं, "दारात अडकलं." ती म्हणाली, "बरं." इतका वेळ बघत राहिली की मीच उठून दुसऱ्या खोलीत आलो.

१ एप्रिल

मावशींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर मलाच ओरडले, मी कोण आहे हे माहीत नसताना. माहीत असतं तर काय केलं असतं देव जाणे. हात आतून सडत चालला होता. कापून साफ केलं. अजून आठवडा गेला असता तर बोटं ठेवता आली नसती, म्हणाले. आताही दोन बोटं पूर्वीसारखी वाकतील याची खात्री नाही.

मावशींनी भूल उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "आकडा किती झाला?"

दुपारी मॅनेजरांकडे गेलो. सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मोठा माणूस. म्हणाले, "अकरा दिवस. बारा तारखेला हॉस्पिटलवाले येऊन जाऊ देत, मग नोंद करा. बाईंना सांगा घरीच भाजलं. तुम्ही कुठे पडलात? पडलाच नाहीत."

शब्द तेच होते, रेडिओचेच. तिने म्हटले तेव्हा मनगट बांधलं होतं.

मी विचारलं, "आणि घरी भाजलं म्हटल्यावर बाईंना रजा कसली मिळेल?"

"बिनपगारी. आपल्या हातात काय आहे?"

खिशात हात घातला तर किल्ली लागली. दोन महिने माझ्याच हातात होती.

२ एप्रिल

सकाळी शिडी आणली. सगळ्या कामावर येत होत्या, तेव्हाच चढलो. आकडा काढला आणि ० लावला.

अकरा जणींची दोन दिवसांची सुट्टी मी त्यांच्यासमोर पुसली होती. एकीला गावी जायचं होतं, एकीला नुसतं झोपायचं होतं, असं महिनाभर ऐकत होतो. माझी अट, माझा बोर्ड, माझंच शून्य. एक जण जाताना म्हणाली, "आधी पट्ट्या नेल्यात, आता सुट्टी."

तक्त्यात माझा अपघात लिहिला. मावशींचाही लिहिला, पण कारणाचा रकाना कोरा ठेवला. कामावर जखम म्हणून नोंद झाल्याने त्यांना हात बरा होईपर्यंत पगारी रजा मिळेल. त्या दोन दिवस मागत होत्या.

मॅनेजरांनी मला आत बोलावून माझ्या वर्तनाचं निरीक्षण केलं. पाऊण तास. पुढच्या महिन्यापासून मी परत स्टोअरमध्ये.

पेटीचं कुलूप काढून कचऱ्यात टाकलं.

१२ एप्रिल

आज शंभर झाले असते. बोर्डावर १० आहे. हॉस्पिटलवाले आले, बोर्ड पाहिला आणि दहाच का, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांच्यातल्या एक नर्सबाई रुळाजवळ गेल्या आणि दांडी स्वतः ढकलून पाहिली. तीन वाजून गेले होते. रूळ फिरत राहिला. मॅनेजरांची पाचावर धारण बसली.

चार वाजता मेकॅनिक आला. आत एक स्प्रिंग गंजली होती. वीस मिनिटांत बदलून गेला. 'इतर' फाइलमधल्या नऊ चिठ्ठ्या काढून त्याला दाखवल्या, तर म्हणाला, "अहो, हे तर लिहिलंच आहे की इथे."

संध्याकाळी रेडिओ समोर येऊन उभी राहिली. अंगठा कापलेला. "पट्टी आधी द्या, लिहा मग." दिली. लिहिलं. बोर्ड परत शून्य. तिने बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

२९ एप्रिल

आज मावशी आल्या. हात गळ्यात बांधलेला. लेकीकडे तीन आठवडे राहून आल्या. नात कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "गुटगुटीत. पण एका हाताने उचलता येत नाही. लेक मांडीवर ठेवायची, मग मी नुसती धरून बसायचे."

मी काहीतरी बोलणार होतो. त्या म्हणाल्या, "तो कागद काढा, भाऊ. अर्धवट राहिलाय म्हणे."

तक्ता काढला. त्यांनी डावा हात सोडवून टेबलावर, तक्त्याशेजारी ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाहीत. "लिहा," म्हणाल्या.

कारण. चार चौकोन. निष्काळजीपणा, घाई, गप्पा, नियमभंग. मीच छापून घेतलेले. मावशी वाट बघत होत्या, रागाने नाही, बावीस वर्षं चादर पुढे यायची वाट बघतात तशा.

मी आखायची पट्टी घेतली आणि खाली पाचवा चौकोन आखला. मनगट अजून दुखतं, रेघ वाकडी आली. त्यात खूण केली आणि समोर लिहिलं: 'दांडी अडकते असं नऊ जणींनी कळवलं होतं. औषधाच्या पेटीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.'

मावशींनी दोनदा वाचलं. मग उजव्या हाताने खाली सही केली.